परत फिरवणाऱ्या बाई

पहिल्या दिवशी बाईंनी मला पेट्रोल पंपावरूनच घरी पाठवलं होतं.

शारजाकडच्या धैद गावच्या रस्त्यावरचा पंप, शनिवारची पहाट, अजून नीट उजाडलंही नव्हतं. मी, अनघा आणि चौथीतली आमची इरा, तिघंही नवे बूट, नव्या सॅक आणि नव्या टोप्या घालून तयार होतो. वाळवंटात चालायला आणि तिथला कचरा काढायला जाणारा एक ग्रुप आहे, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या फॅक्टरीत आठवडाभर ॲल्युमिनियमच्या खिडक्या मोजल्यावर मलाही कुठेतरी मोकळं हिंडायचं होतं.

तेवढ्यात एक ठेंगण्या बाई गाड्यांमधून फिरताना दिसल्या. अंगात फिकट सलवार-कमीज, पायात पुरुषांचे जाडजूड बूट, डोक्याला पांढरा पंचा बांधलेला. त्या प्रत्येकाच्या सॅकमधल्या बाटल्या बाहेर काढायला लावत होत्या आणि बोटाच्या पेराने एकेक बाटली वाजवून बघत होत्या. आमच्याजवळ आल्या, तिन्ही बाटल्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "तिघांत तीन लिटर. जावा घरी. पुढच्या शनिवारी माणशी चार लिटर घेऊन या."

मी म्हणालो, इथेच पंपावर दुकान आहे, लगेच घेतो. त्यावर त्यांचं म्हणणं असं की, पाणी दुकानात मिळतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण ते घरून निघताना आठवायला हवं. ज्याला घरी आठवलं नाही त्याला डोंगरातही बऱ्याच गोष्टी आठवणार नाहीत. हे त्या अजिबात आवाज न चढवता बोलल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. आम्ही तासभर गाडी चालवून परत आलो. इराने वाटेत विचारलं, "बाबा, डिड वी फेल?" पुढच्या शनिवारी आम्ही बारा लिटर पाणी घेऊन गेलो.

नंतर कळलं की वाजवून बघण्याची सवय नोकरीतली होती. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात त्या क्वालिटी लॅबमध्ये होत्या. चांगली टाइल खणखणीत वाजते, आतून तडा गेलेली बद्द वाजते, डोळ्यांना काहीच दिसत नाही. वीस वर्षं हेच केल्यामुळे समोर येईल ती वस्तू वाजवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. बुटांचे तळवे, कलिंगडं, गाडीचं बॉनेट. एकदा सायकलवरून आलेल्या एका गोऱ्या माणसाचं हेल्मेट त्यांनी त्याच्या डोक्यावर असतानाच वाजवलं आणि हे बदला, असं मराठीत सांगितलं. त्याने बदललंही.

त्याआधी त्या कराडला शाळेत शास्त्र शिकवायच्या. नवऱ्याची नोकरी इकडे लागली म्हणून आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मग परत का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की राजीनामा इंग्रजीत लिहावा लागतो आणि इंग्रजी पत्रं लिहायचा त्यांना कंटाळा आहे. हे त्या गंमत म्हणून सांगत होत्या की खरंच, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सगळ्यांनी आपल्याला बाईच म्हणायचं, असा त्यांचा आग्रह होता. मॅडम म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ग्रुपमध्ये मल्याळी होते, पाकिस्तानी होते, दोन-तीन ब्रिटिश होते, शारजाच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेली मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी होती. सगळे बाई म्हणायचे. मारिसेलला पहिले दोन महिने कळेचना की या आल्या रे आल्या की सगळे "बाय, बाय" का करतात. तीही हात हलवून बाय करायची आणि बाई तिला उलट हात हलवायच्या.

स्वतः बाई मात्र सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. चौथीतल्या इरालासुद्धा. "अहो इरा, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." डोंगरातल्या शेळ्या वाटेत आडव्या आल्या तर "सरका हो जरा" म्हणायच्या. इराला आयुष्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं. घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी आमची मुलगी बाईंशी मात्र तुटक का होईना, पण मराठीत बोलायला लागली. मी त्यासाठी तीन वर्षं धडपडत होतो.

ग्रुपचं काम दोन प्रकारचं होतं. थंडीच्या दिवसांत रास अल खैमाच्या डोंगरांत आणि वाद्यांमध्ये चालायचं. वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, पाऊस झाला की अचानक पूर येणारा. बाई त्याला ओढाच म्हणायच्या. चालता चालता बाटल्या, पिशव्या, कोळशाचे अर्धवट जळलेले तुकडे, लोक पिकनिक करून जे जे टाकून जातात ते सगळं पोत्यांत भरून आणायचं. आणि एक शनिवार सोडून एक धैदच्या बाजूला वाळूत काम. तिथे जुन्या, सोडून दिलेल्या कुंपणांच्या तारा वाळूत गाडल्या गेल्या होत्या. हरणांचे, उंटांचे पाय त्यात अडकायचे. पक्कड घेऊन त्या तोडायच्या, ओढून काढायच्या, गुंडाळायच्या. तार वाळूतून सुटताना एक लांबलचक सर्र आवाज येतो. तो आला की बाई म्हणायच्या, "एक पाय वाचला."

तिथे खमीस नावाचा एक स्थानिक माणूस होता. त्याचे स्वतःचे उंट होते. एकदा त्याची एक उंटीण मेली. तिच्या पोटातून निघालेला गोळा त्याने बाईंना दाखवला. उंट वाऱ्यावर उडून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या खातात, त्या पचत नाहीत, बाहेरही पडत नाहीत, पोटात एकावर एक बसून दगडासारखा गोळा होतो. हा गोळा गव्हाच्या लहान पोत्याएवढा होता. बाईंनी तो मागून घेतला. उन्हात महिनाभर वाळवला आणि आपल्या जुन्या गाडीच्या डिकीत ठेवला. नवीन माणूस आला की भाषण नाही, माहितीपत्रक नाही. डिकी उघडायची, गोळा त्याच्या हातात द्यायचा. तो वजनाने खाली वाकला की सांगायचं, "हे एका उंटिणीनं खाल्लं. तिला पिल्लू होतं."

हा गोळा त्या एका वर्षी शारजातल्या गणपतीच्या कार्यक्रमात घेऊन आल्या. हॉल भाड्याने घेतलेला, दीडेकशे मराठी कुटुंबं, उकडीचे मोदक, थर्माकोलच्या ताटांची चळत. बाईंनी गोळा टॉवेलमधून काढला आणि ताटांच्या चळतीशेजारी ठेवला. स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. लोकांना आधी वाटलं, काहीतरी देखाव्यातलं आहे. मग एकाने विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि रांग पांगली. आयोजक खूप चिडले. देवाच्या कार्यक्रमात मेलेल्या जनावराच्या पोटातलं आणतात म्हणजे काय, असं एक जण सगळ्यांसमोर बोलला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मोदक हातावर घेऊन खाल्ला आणि गोळा उचलून गेल्या. पुढच्या वर्षी आयोजकांनी स्टीलची ताटं आणली. जेवणं झाल्यावर बघतो तर मागच्या मोरीत बाई बाह्या सावरून ताटं घासत बसलेल्या. त्यांना कुणी बोलावलं होतं की नाही, कोण जाणे.

वाळवंटातल्या गाफच्या झाडावर त्यांचा विशेष जीव होता. गाफ म्हणजे आपली शमीच, हे मला त्यांनीच सांगितलं. दसऱ्याच्या सुमारास त्या आम्हाला एका मोठ्या गाफखाली घेऊन जायच्या, भाकरी-ठेचा खायला घालायच्या. पानाला मात्र हात लावू द्यायच्या नाहीत. सोनं झाडावरच राहू दे, म्हणायच्या.

अशी तीन वर्षं गेली. मी ग्रुपमधला जुना माणूस झालो होतो. रस्ते कळायला लागले होते, नव्या लोकांना मी सल्ले देत होतो. आणि इथे मला माझ्याबद्दल लिहायला हवं, कारण बाईंचं जे मला खरं कळलं ते माझ्या वागण्यातून कळलं.

फेब्रुवारीतला एक शनिवार होता. पुण्याहून माझा मावसभाऊ आणि त्याची बायको आले होते. ऑफिसातले चौघं-पाच जण मी बरोबर आणले होते, त्यात आमचा बिजू होता, ड्रॉइंग ऑफिसातला. एका वादीच्या शेवटी पाण्याचा हिरवा डोह आहे, त्याचं वर्णन मी सगळ्यांना आठवडाभर ऐकवलं होतं. आम्ही एकूण तेवीस जण होतो. दोन तास चाललो. वादी अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंना उभे कडे. डोह चाळीसएक मिनिटांवर राहिला असेल, तेव्हा एका वळणावर पुढे चाललेल्या बाई थांबल्या. दोन-तीन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "परत."

लोकांना वाटलं, काही तरी अडथळा आहे. मी पुढे गेलो, वाट स्वच्छ होती. वर आभाळ निळं होतं, ढगाचा ठिपका नाही. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, परत फिरायचं. पावसाची बातमी आहे का, असं कुणीतरी विचारलं. नाही म्हणाल्या. मावसभाऊ माझ्याकडे बघायला लागला. ऑफिसातले लोक बघायला लागले. मी आणखी दोनदा समजावून पाहिलं. बाई फक्त मान हलवत होत्या. मग मी जे बोललो ते मोठ्याने बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाई, तुमचं वय झालंय. तुम्हाला झेपत नसेल तर इथे सावलीत बसा. बाकीच्यांना कशाला परत नेता?"

दोघं-तिघं हसले. इरा माझ्या शेजारीच उभी होती, बारा वर्षांची. बाईंनी एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं. मग पंचा सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि म्हणाल्या, "सगळे परत." त्यांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत माणसं मोजली. माझ्याही खांद्याला हात लावला. आणि आम्ही परत निघालो, कारण त्यांच्याशिवाय पुढे जायची कुणाची छाती नव्हती. माझीसुद्धा.

पाऊस आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, अख्ख्या आठवड्यात नाही. एखादा थेंब जरी पडला असता तरी त्यांची बाजू राहिली असती. गाड्यांपाशी पोहोचल्यावर लोक कुरकुरत होते. बाईंनी कुणाला काही समजावलं नाही, चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत मी व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप काढला. पंधरा जण लगेच आले. अनघा आली नाही. ती म्हणाली की तुला डोह बघायचा होता, ठीक आहे, पण वयाचं काढायला नको होतं. मी म्हणालो, मी खरं तेच बोललो.

नव्या ग्रुपच्या पहिल्या तिन्ही सहली मजेत झाल्या. डोहही पाहिला. फोटो काढले, गाणी लावली, पाण्याच्या बाटल्या कुणी वाजवल्या नाहीत. चौथी सहल एप्रिलमध्ये होती. एप्रिलमध्ये डोंगरात जायचं नाही, हा बाईंचा नियम मला माहीत होता. मी पहाटे लवकर निघून नऊला परत यायचं ठरवलं. निघायलाच सात वाजले.

साडेदहाच्या सुमारास उतरताना लक्षात आलं की बिजू नाही. शेवटचा कधी दिसला, यावर चार जणांची चार मतं होती. हाका मारल्या. कड्यांवरून आमच्याच हाका परत येत होत्या. ऊन असं चढत होतं की खडकावर हात टेकवत नव्हता. मी धावत वरच्या उंचवट्यावर गेलो, तिथे फोनला रेंज आली. पोलिसांना फोन केला. त्यांनी नीट विचारून घेतलं, रेस्क्यूची टीम निघाली आहे, तिथून हलू नका, म्हणाले. फोन ठेवला आणि दुसरा फोन मी बाईंना लावला. दोन महिने आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी फक्त जागा विचारली आणि फोन ठेवला.

पन्नास मिनिटांत त्या आल्या. पाठीवर दोन सॅक, एक पाण्याने भरलेली. माझ्याकडे बघून, तुमच्यातल्या कुणाला चक्कर येतेय का, एवढं विचारलं. मग सगळ्यांना खडकाच्या सावलीत बसवलं आणि विचारलं, "बिजू शेवटचे कुणाला दिसले? आणि दिसले तेव्हा ते काय बघत होते?"

कुठे होता हे आम्ही एकमेकांना शंभर वेळा विचारलं होतं, काय बघत होता हे कुणी विचारलं नव्हतं. मारिसेल त्या दिवशी आमच्यात होती. तिला आठवलं. तो शेळ्यांचा व्हिडिओ काढत होता. घरी मुलीला पाठवायचा म्हणाला होता.

बाईंनी जमिनीकडे बघितलं. लेंड्या शोधल्या. डाव्या अंगाने एक बारीकशी वाट वर जात होती, माणसाची वाटावी अशी नव्हती. "उन्हात शेळ्या सावलीलाच जातात," असं म्हणून त्या चढायला लागल्या. मी मागे गेलो. त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या, मी बेचाळीस. वीस मिनिटांत मला त्यांच्या बुटांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना आणि तोही लांबून येत होता.

कड्याच्या पोटात एक खोबण होती, पूर्वी कुणी तरी तिथे दगड रचून शेळ्यांसाठी आडोसा केलेला. सात-आठ शेळ्या आत बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बिजू. घोटा सुजून टम्म झालेला, बाटली रिकामी, ओठ पांढरे. मी पोहोचलो तेव्हा बाई त्याला झाकणाने पाणी पाजत होत्या, घाई करू देत नव्हत्या, आणि मध्येच शेळ्यांना सरकायला सांगत होत्या. बिजू रडत होता. मल्याळममध्ये काहीतरी सांगत होता. त्याही मराठीत उत्तरं देत होत्या. पोलिसांची माणसं थोड्याच वेळात वर आली आणि त्याला स्ट्रेचरवरून खाली घेऊन गेली. त्यांच्या प्रमुखाने बाईंना सलाम केला. त्यांनी त्यालाही पाण्याची बाटली दिली.

हॉस्पिटलात बिजूची बायको येईपर्यंत आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. मी म्हणालो, सॉरी बाई. त्यांनी विचारलं, कशाबद्दल. मी म्हणालो, सगळ्याबद्दलच. त्या म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, झालं, मिटलं. मोकळं वाटून मी विचारलं की त्या दिवशी त्या वळणावर तुम्हाला नक्की काय दिसलं होतं. वारा बदलला होता का? पाण्याचा वास आला का? मनातल्या मनात मी दोन महिने त्यावर विचार केला होता. त्यांना काहीतरी कळलं असणार, आपल्याला कळत नाही असं काहीतरी, अशी माझी खात्री होत आली होती.

"काही दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला आभाळातलं काही कळत नाही. टाइलमधलं कळतं. मला भीती वाटली."

मग त्यांनी कराडची एक गोष्ट सांगितली. शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. परतताना बस चहाला थांबली. निघताना मुली मोजायचं काम त्यांचं होतं आणि त्यांनी ते दुसऱ्या शिक्षिकेला सांगितलं, कारण त्या कुणाशी तरी गप्पा मारत होत्या. वीस किलोमीटर पुढे गेल्यावर कळलं की सहावीतली एक मुलगी नाही. बस उलटी फिरवली. मुलगी चहाच्या टपरीच्या पायरीवर बसून बिस्किट खात होती, तिला आपण राहिलोय हेही धड कळलं नव्हतं. काहीच झालं नाही. पण बस परत जाईपर्यंत त्यांच्या पोटात जो गोळा उठला होता, तसाच त्या दिवशी वादीत त्या वळणावर उठला. कारण कळलं नाही. कारण शोधत बसण्यापेक्षा परत फिरलेलं बरं, असं वाटलं. तेवीस माणसं होती.

एवढं सांगून त्या उठल्या आणि कॉरिडॉरमधल्या फरशीचा एक सैल तुकडा बुटाने दाबून बघायला लागल्या.

बिजू दोन दिवसांनी घरी गेला. मी नवा ग्रुप बंद केला आणि पुढच्या मोसमात माणशी चार लिटर पाणी घेऊन पंपावर हजर झालो. बाईंनी बाटल्या वाजवल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी मला रांगेत सगळ्यात शेवटी चालायचं काम दिलं. जो शेवटी चालतो त्याच्या मागे कुणी राहता कामा नये, एवढंच ते काम. पण ते त्या कुणालाही देत नसत. त्यावरून मी समजलो की आमच्यात आता काही कटुता उरलेली नाही. त्या पूर्वीसारख्याच वागत होत्या. इराच्या परीक्षेची चौकशी करत, अनघाला ठेच्याची बाटली देत. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही.

त्या फेब्रुवारीनंतर दोन वर्षांनी त्यांची नोकरी संपली. कारखान्यात टाइल तपासायला मशीन आलं होतं, शिवाय वयही झालं होतं. व्हिसा नोकरीवर होता, त्यामुळे इथे राहण्याचा प्रश्नच नव्हता. कराडला त्यांच्या बहिणीचं घर होतं, तिकडे जायचं ठरलं. निरोप समारंभ करायचा नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. शेवटच्या शनिवारी नेहमीसारखं तारांचं काम करायचं आणि घरी जायचं.

त्या सकाळी गाडीत इरा मागे बसली होती. नववीत गेली होती. मी अनघाशी बोलत होतो की बाईंना काय भेट द्यावी. इरा कानातले इअरफोन काढून म्हणाली, "बाबा, यू नेव्हर सेड सॉरी."

मी म्हणालो, म्हटलं होतं, हॉस्पिटलात.

"बट यू सेड द अदर थिंग इन फ्रंट ऑफ एव्हरीवन. आय वॉज देअर."

तिने इअरफोन परत घातले. अनघा खिडकीबाहेर बघत राहिली.

काम साडेदहापर्यंत चाललं. त्या दिवशी लोक खूप होते, जुने, सोडून गेलेले, वादीतून परत फिरवलेल्यांपैकीही दहा-बारा जण. बिजू बायको-मुलीला घेऊन आला होता. खमीसने खजूर आणि कॉफी आणली. शेवटच्या तारेचं गुंडाळं ट्रकमध्ये टाकल्यावर सगळे वाळूवर बसले आणि समारंभ नको म्हणूनही दोघं-चौघं बोललेच. खमीस अरबीत थोडंसं बोलला. मारिसेल रडली. बाई गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत वर्गाचं पाठांतर ऐकावं तशा ऐकत होत्या.

मी उभा राहिलो. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. मी म्हणालो की दोन वर्षांपूर्वी वादीत बाईंनी आम्हाला परत फिरवलं, तेव्हा मी त्यांच्या वयावरून सगळ्यांसमोर बोललो. तुमच्यातले बरेच जण तिथे होते. ते खोटं होतं. त्यांना झेपत नव्हतं असं नाही, मला माझ्या पाहुण्यांसमोर मान खाली घालायची नव्हती. त्यांची चूक नव्हती. पाऊस आला असता तरी नव्हती आणि नाही आला तरी नाही. यापेक्षा जास्त मला काही सुचलं नाही. शेवटी मराठीत म्हणालो, "बाई, मला माफ करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग बसा. पाणी प्या. ऊन झालंय."

लोक हसले आणि मीही हसलो. मग उठाउठ झाली. पोती बांधली, गाड्या निघायला लागल्या. त्यांच्या डिकीतला गोळा त्यांनी खमीसच्या हवाली केला. सगळ्यांचा निरोप घेऊन त्या आपल्या गाडीत जाऊन बसल्या.

गाडी सुरू होईना. पाच मिनिटं झाली असतील. बाकीच्या गाड्या वळून रस्त्याला लागल्या. मला वाटलं, जुनी गाडी आहे, बॅटरी गेली असेल. मी जवळ गेलो. किल्लीला त्यांनी हातही लावला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत बसल्या होत्या आणि पंच्याचं टोक ओलं झालं होतं. मी काचेवर टकटक केली. त्यांनी काच खाली केली.

"दोन वर्षं वाट बघितली हो मी," त्या म्हणाल्या.

मग किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.